खड्ड्याचा हिशेब

दगडखाण पाहायला गेलेला नवखा माणूस थेट खड्ड्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. मुरलेला तपासनीस खड्ड्याकडे पाठ करून आधी हद्दीचे खांब शोधतो. खाणपट्टा मंजूर होतो तो कागदावर, गट नंबरावर आणि मोजणीच्या नकाशावर. जमिनीवर त्याची खूण म्हणजे कोपऱ्यांवर रोवलेले, रंग दिलेले, अक्षांश-रेखांश लिहिलेले सिमेंटचे खांब. खाणीत सगळ्यांत अल्पायुषी वस्तू कोणती असेल तर ती हीच. पोकलेनचा धक्का लागतो, मागे येणारा डंपर मोडतो, आणि काही खांब तर रात्रीत शेजारच्या गटात सरकलेले आढळतात. खांब जागेवर नसला की पुढचं सगळं मोजमाप अधांतरी राहतं. मंजूर जागेतला खड्डा कुठे संपला आणि बिनपरवान्याचा कुठे सुरू झाला, हे मग कुणीच शपथेवर सांगू शकत नाही.

खांब सापडले की तो दुसरी गोष्ट शोधतो: मातीचा ढीग. खाण उघडताना वरची माती काढून एका बाजूला, वाहून जाणार नाही अशी रचून ठेवायची असते. त्यावर गवत उगवलेलं असावं, पायथ्याशी दगडांची ताल असावी. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये हे लिहिलेलं असतंच. बहुतेक ठिकाणी हा ढीग नसतो. माती पहिल्याच हंगामात कुणाच्या तरी शेतात, प्लॉटच्या भरावात किंवा वीटभट्टीवर गेलेली असते. ढीग दिसला नाही की खाण बंद करण्याच्या आराखड्यातली हिरव्या रंगाची पानं न वाचताही चालतात. जे झाड लावायचं ते कशात लावणार, हा प्रश्न तिथेच निकाली निघालेला असतो. माझ्या मते खाणीचं पुनर्वसन यशस्वी होणार की नाही, हे ती बंद होते त्या दिवशी ठरत नाही. पहिल्या महिन्यात माती कुठे गेली यावर ते ठरतं.

महाराष्ट्रातल्या काळ्या दगडाच्या खाणींत ही माती आणखीच मोलाची, कारण ती मुळात थोडी असते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा हा प्रदेश. माळावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट. बेसाल्टसुद्धा सगळा सारखा नाही. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि एकजीव, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला. खडीला हवा असतो तो घट्ट दगड. पोकळ्यांचा दगड खाणवाल्याला नकोसा, पण त्याच पोकळ्यांत झिओलाइटसारख्या खनिजांचे स्फटिक वाढतात आणि जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी पुण्याजवळच्या वाघोलीचं नाव पाठ करून असतात. गडद निळ्या कॅव्हनसाइटचे जगातले उत्तम नमुने वाघोलीच्या खडीच्या खाणींतून आले आहेत. ज्या दगडाची रस्त्यावर खडी झाली, त्याच्या शेजारचा तुकडा परदेशातल्या संग्रहालयात काचेमागे बसला आहे.

खड्ड्याकडे वळण्याआधी तपासणीला येतं कोण, हे सांगायला हवं. महसूल खात्याचे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी येतात ते मुख्यतः स्वामित्वधनासाठी, म्हणजे रॉयल्टीसाठी. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. १९५७च्या खनिज कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३चे आहेत. मजुरांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबाद. स्फोटकांच्या परवान्यासाठी नागपूरची पेसो ही यंत्रणा. क्रशरच्या धुळीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येकाला खाणीत आपापला भाग दिसतो: एकाला ब्रास, दुसऱ्याला दरड, तिसऱ्याला स्फोटकांचं कोठार, चौथ्याला धूळ. तो मातीचा ढीग या चौघांच्या वाटांच्या मधोमध असतो आणि म्हणूनच तो कुणाच्याच वहीत येत नाही.

आता ब्रासची गोष्ट. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, २.८३ घनमीटर. समजा एक हेक्टर जागेत सरसकट १० मीटर खोल दगड काढला. झाले एक लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ३५,३०० ब्रास. ब्रासमागे ६०० रुपये दर धरला तर रॉयल्टी दोन कोटी बारा लाखांच्या आसपास. हिशेब सोपा वाटतो, पण हा ब्रास अखंड कातळाचा आहे. अखंड बेसाल्टचा एक ब्रास आठ टनांहून जड भरतो. तोच दगड फोडून खडी केली की तुकड्यांमध्ये हवा शिरते, आणि डंपरच्या हौद्यातला एक ब्रास खडी साधारण साडेचार टनच भरते. म्हणजे कातळाच्या एका ब्रासातून खडीचे पावणेदोन ब्रास निघतात. वाहतूक पासांवर नोंदला जातो तो हौद्यातला ब्रास, मोजणीयंत्र सांगतं तो खड्ड्यातला. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवून ‘जुळले’ असा शेरा मारणारा अहवाल म्हणजे दीड कोटीची चूक असू शकते. आकडे जुळत असतील तरच जास्त शंका घ्यावी, अशी ही विचित्र जागा आहे.

खड्डा मोजायला आता ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मोजणी आणि ड्रोन आहेत. दोन्ही उत्तम. पण यंत्र आजचा तळ दाखवतं. काढलेला दगड म्हणजे आजचा तळ आणि मूळची जमीन यांतला फरक. मूळ जमीन कुठे होती? टेकडीच खोदली असेल तर ती आता हवेत आहे. खोदण्यापूर्वीच्या समोच्च रेषांचा नकाशा असेल तरच हिशेब लागतो. तो नसला की जुने उपग्रहफोटो, भूमापनाचे जुने नकाशे आणि शेजारच्या न खोदलेल्या उताराचा अंदाज, यांवर काम भागवावं लागतं, आणि सुनावणीत खाणमालकाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७)खाली अवैध उत्खननाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. एवढा मोठा दंड उभा असतो तो त्या एका जुन्या नकाशावर.

मोजमाप झालं की भिंत. वर मुरूम असेल तिथे १९६१च्या खाण नियमांप्रमाणे उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नको, किंवा मग दीड मीटर उंचीच्या पायऱ्या हव्यात. घट्ट दगडात पायरीची, खाणीच्या भाषेत बेंचची, उंची सहा मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. हद्दीपासून साडेसात मीटरची पट्टी न खोदता सोडायची. सार्वजनिक रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यापासून ४५ मीटर. हे आकडे पाळले तर खाण एखाद्या प्रेक्षागृहासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी २०-२५ मीटरची सरळसोट भिंत दिसते, कारण प्रत्येक बेंच म्हणजे खाणवाल्याच्या डोळ्यांसमोर न काढलेला, न विकलेला दगड. १ जानेवारी २०२२ला हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यात डाडम इथे दरड कोसळून मजूर आणि यंत्रं गाडली गेली, ती अशाच खोल खाणीत.

आपल्याकडची भिंत पाहताना आणखी एक खूण शोधायची: दोन थरांच्या मधला तांबड्या मातीचा पट्टा. तो मऊ असतो, पाणी धरतो, आणि वरचा जड दगड त्यावरून सरकायला बघतो. म्हणून भिंतीची खरी परीक्षा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. मेमध्ये केलेली पाहणी फाइल भरायला पुरते.

खाण कायद्यातली एक पळवाटही इथेच भेटते. खोली कुठेही सहा मीटरच्या वर नाही, माणसं ५०पेक्षा जास्त नाहीत आणि सुरुंग लावत नाहीत, अशा दगड-मुरमाच्या खाणींना १९५२च्या कायद्याने बऱ्याच तरतुदींतून सूट दिली. त्यामुळे कागदावर पावणेसहा मीटर खोलीच्या खाणी पुष्कळ सापडतात. पाच मीटरची काठी घेऊन तळाशी उतरलेला तपासनीस इथे वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एखादा वडार कारागीर असेल तर तोही. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या या समाजातला म्हातारा माणूस हातोडीच्या आवाजावरून भिंतीतला पोकळ दगड सांगतो, आणि ती भिंत कधी सोडायची हेही.

सुरुंगाची तक्रार मात्र भिंतीसारखी मोजून संपत नाही. बार उडाला की गावात भांडी हलतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत कुणी तरी भिंतीची चीर दाखवायला येतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७च्या परिपत्रकात कंपनांच्या मर्यादा ठरवल्या. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील, तर कंपनाची वारंवारता आठ हर्ट्‌झच्या खाली असताना जमिनीच्या कणांचा वेग सेकंदाला पाच मिलिमीटरच्या वर जाऊ नये. वारंवारता २५ हर्ट्‌झच्या पुढे गेली की मर्यादा १५पर्यंत सैल होते. ऐतिहासिक वास्तूंसाठी तीच मर्यादा दोन मिलिमीटरपासून सुरू होते. संथ कंपनाला जास्त कडक नियम का? कारण घराची स्वतःची डोलण्याची लय संथ असते. जमिनीची आणि घराची लय जुळली की लहानसा धक्काही मोठा होतो. म्हणून सगळी भोकं एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक उडवतात. स्फोटक तेवढंच, पण एका क्षणाला जमिनीला बसणारा धक्का कमी.

पण चीर खरंच बारामुळे पडली का? दख्खनमध्ये याचं उत्तर अवघड आहे, कारण काळी माती हीही घरं फोडते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया खालीवर होतो आणि भिंतीला तिरकी चीर जाते. खाणवाला मातीकडे बोट दाखवतो, गाव बाराकडे, आणि दोघंही काही अंशी खरं बोलत असतात. निवाडा करायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. पहिला बार उडवण्याआधी आसपासच्या प्रत्येक घराच्या चिरांचे फोटो तारखेसह काढून ठेवायचे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची. खर्च जवळजवळ शून्य. तरी हे क्वचितच होतं.

क्रशरवर मुरलेला तपासनीस फार वेळ घालवत नाही. नियम सांगतो की क्रशरपासून ४० मीटरवर धुळीचं प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावं. त्यासाठी पाण्याचे फवारे, वाऱ्याला अडवणारी भिंत, झाकलेले पट्टे. साहेबांची गाडी वळणावर दिसली की फवारे सुरू होतात, हे साहेबांनाही माहीत असतं. त्यामुळे जाणता तपासनीस फवाऱ्याकडे बघत नाही. वाऱ्याच्या दिशेला शंभर पावलं चालतो आणि झाडाचं पान बोटाने पुसतो. महिन्याभराची धूळ तासाभरात धुता येत नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या डाळिंबावर, द्राक्षावर तीच साचलेली असते.

पाणी हा शेवटचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते फटींमध्ये आणि थरांच्या सांध्यात. खाण त्या पातळीच्या खाली गेली की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाणीकडे ओढलं जातं आणि खाणवाला ते पंपाने ओढ्यात सोडून देतो. खाण बंद झाली, पंप थांबला, की खड्डा भरतो आणि लोक म्हणतात, चला, तळं तरी झालं. ते पावसाचं साठवलेलं पाणी असतं आणि शेजारच्या विहिरींचंही. हे तळं उपयोगी पडू शकतं. चेन्नईने २०१७ आणि २०१९च्या दुष्काळात शहराबाहेरच्या सिक्करायपुरमच्या बंद दगडखाणींतलं पाणी शुद्ध करून नळाला सोडलं. पण सरळ भिंतीच्या खाणीतलं तळं म्हणजे मरणाचा सापळा. पोरं पोहायला उतरतात, पहिल्या पावलालाच तळ नसतो आणि वर यायला उतार नसतो. बेंच ठेवले असते तर त्याच पायऱ्यांनी वर येता आलं असतं. मजुरांच्या सुरक्षेसाठी लिहिलेला तो सहा मीटरचा नियम खाण बंद झाल्यावर गावाच्या पोरांसाठी काम करतो, पण तेव्हा तो पाळायला दगड उरलेला नसतो.

आता पुनर्वसनाकडे. कोळशाच्या किंवा गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणीत खनिजापेक्षा टाकाऊ माती-दगडच जास्त निघतो. तिथे प्रश्न ढिगांचा असतो. दगडखाणीचं गणित उलटं. इथे निघालेलं जवळजवळ सगळं विकलं जातं, त्यामुळे खड्डा भरायला काही उरतच नाही. कोकणातल्या चिरेखाणीत तुटके चिरे आणि माती बरीच मागे राहते, खोलीही बेताची असते, म्हणून तिथे समतल करून पुन्हा कलमं लावता येतात. काळ्या दगडाच्या ३० मीटर खड्ड्याला तो मार्ग नाही. मग शहरं त्यात कचरा टाकायचं सुचवतात. बेंगळुरूने मिट्टगानहळ्ळीच्या खाणीत तेच केलं. फटींनी भरलेल्या कातळात कचऱ्याचं काळं पाणी कुठवर जाईल याचा नकाशा कुणी काढू शकत नाही, म्हणून मला हा सगळ्यांत वाईट पर्याय वाटतो.

याच्या उलट टोकाला केनियातलं मोंबासा. तिथे बांबुरी सिमेंट कंपनीने प्रवाळाच्या चुनखडीसाठी खोदलेली उघडी, पांढरी, उन्हाने तापलेली जमीन होती. तळाजवळ खारट पाणी, मातीचा पत्ता नाही. रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञाने १९७१ मध्ये तिथे २६ जातींची झाडं लावून पाहिली. बहुतेक मेली. टिकलेल्यांत सुरूचं झाड सर्वांत जोमदार निघालं, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून देतात. पण नवीच अडचण उभी राहिली. सुरूच्या सुयांसारख्या पानांचा खच साचत गेला आणि कुजेना. मग हॅलरच्या लक्षात आलं की लाल पायांची एक वाणी, म्हणजे मिलिपीड, त्या सुया खाते. त्याने अशा वाण्या शेकड्यांनी आणून सोडल्या. त्यांनी सुया खाल्ल्या, लेंड्या टाकल्या आणि कातळावर काळी माती साचू लागली. त्या मातीत मग इतर झाडं, नंतर पक्षी, पुढे मोठे प्राणी. २००४च्या त्सुनामीत आई गमावलेलं पाणघोड्याचं पिल्लू एका म्हाताऱ्या कासवाला बिलगल्याची गोष्ट जगभर गाजली, ती याच जागी उभ्या राहिलेल्या हॅलर पार्कमधली. तिथे माती राखून ठेवलेली नव्हती, म्हणून ती किड्यांकडून बनवून घ्यावी लागली, आणि त्याला दशकं लागली.

आपल्याकडे खाण बंद करताना जे होतं त्याला वृक्षारोपण म्हणतात. ढिगाऱ्यावर खड्डे, त्यात गिरिपुष्प किंवा सुबाभूळ, एक फलक, एक फोटो. वीतभर मातीच्या प्रदेशात मूळ निसर्ग झाडांनी सुरू होतच नाही. आधी गवत येतं. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२०च्या आदेशात खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट प्रत्येक खाणपट्ट्यात घालायला सांगितली, जनावरांना चारा मिळावा म्हणून. आदेश वाचताना तो किरकोळ वाटतो. माळावर उभं राहून वाचला की नेमका वाटतो. पवना, मारवेल यांसारखं गवत बेंचवर पसरलेल्या थोड्याशा मातीला धरून ठेवतं. मग फटीफटीत उंबर, पिंपळ स्वतःहून येतात, त्यांची बी पक्षी टाकतात. सालई, पांगारा, गणेर, काटेसावर यांना खडक परका नाही. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात जुन्या खाणींच्या जागी नागरिकांनी आणि वनस्पतिजाणकारांनी स्थानिक झाडाझुडपांचंच जंगल परत उभं केलं. २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर निसर्ग जपणारी देशातली पहिली जागा म्हणून त्याची नोंद झाली. शोभेची झाडं लावली असती तर तिथे फार तर बाग झाली असती.

आणि सगळी भिंत झाकायची गरज नाही. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चुनखडीच्या खाणीच्या सरळ भिंती शेवटच्या, मुद्दाम आखलेल्या सुरुंगांनी मोडून तिथल्या नैसर्गिक दऱ्यांसारखे कडे आणि घसरणी तयार करून पाहिल्या आहेत. आपल्याकडे शृंगी घुबड जुन्या खाणींच्या कपारींत अंडी घालतं. एखादी भिंत त्याच्यासाठी तशीच सोडावी, पायथ्याला कुंपण घालून. हा निर्णय आराखड्यात लिहावा लागतो, नाहीतर उरलेला दगड काढायला कुणी तरी येतोच.

अडचण अशी की खाणपट्ट्याची मुदत संपली की खाण तपासणीच्या यादीतून उतरते. रॉयल्टी नाही, मजूर नाही, स्फोटकं नाहीत. त्या चौघांपैकी कुणालाच यायचं कारण उरत नाही. गवत आणि झाडं मात्र तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तपासायची असतात. तेव्हा लावलेली रोपं किती जगली हे मोजायचंच, पण न लावलेली किती उगवली हे मोजणं जास्त उपयोगाचं. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी कितपत पाळल्या याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. ग्रामपंचायतीने मंजुरीनंतरचा पहिलाच अहवाल मागवावा, त्यात वरच्या मातीचा ढीग किती घनमीटर आणि कुठल्या कोपऱ्यात लिहिला आहे ते पाहावं, आणि टेप घेऊन तिथे जावं. तेव्हा खाणीचं वय जेमतेम सहा महिने असतं आणि माती अजून परत आणता येते.